आशाताई आणि कानाच्या तपासणीच्या ताई, मनापासून आभार

२०२४च्या पावसाळ्यात पुण्यात डासांमुळे पसरणाऱ्या झिका या आजाराचे रुग्ण सापडत होते, तेव्हा मी गरोदर होते. बारीक ताप, अंगावर पुरळ आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह. ताप लगेच उतरला, पण झिकामुळे बाळाचं डोकं लहान राहील का ही धास्ती बाळंतपणापर्यंत पुरली.

आमच्या भागातल्या आशाताई प्रत्येक सोनोग्राफीला सोबत आल्या. घरी आल्या की आधी कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओतायच्या, मगच चहा! अंगावर पाजावं की नाही, ही सासूबाईंची शंकाही त्यांनीच डॉक्टरांना फोन लावून मिटवली. (पाजायचंच.)

लेक झाली. डोक्याचा घेर ठीक, डोळे ठीक. राहिली कानाची तपासणी. ती बाळ झोपल्याशिवाय नीट होत नाही, आणि आमच्या बाईसाहेब टक्क जाग्या! जेवणाची सुट्टी झाली. तपासणीच्या ताईंनी उघडलेला डबा पुन्हा बंद केला, दिवा मालवला, स्वतःची ओढणी बाळाच्या अंगावर घातली. म्हणाल्या, "झोपू दे तिला सावकाश, मला घाई नाही." दोन्ही कान पास झाले तेव्हा माझ्याआधी त्यांचेच डोळे भरले.

ताई, तुमचं नाव मला माहीत नाही. वाढीच्या तपासण्या अजून चालू आहेत. पुढच्या खेपेला डबा माझ्याकडून.