पुराच्या नकाशाखाली दोन ओळी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्र वर आला की किनाऱ्याचा किती भाग पाण्याखाली जाईल याचे लाल-निळे नकाशे पेपरात अधूनमधून येतात, लोकं त्याचे फोटो ग्रुपवर टाकतात आणि आपलं घर लाल पट्ट्यात येतंय का ते बघत बसतात. गेले काही महिने मी असे नकाशे काढणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर लॅपटॉपवर बसवून शिकतोय, म्हणून हे पत्र.

सॉफ्टवेअर मिळणं अवघड नाही. डेल्टारेस या डच संस्थेचं स्फिंक्स (SFINCS) हे पुराचं पाणी कुठवर पसरेल ते काढणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, डॉकरमधून, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट तयार मिळणाऱ्या पॅकेटातून, चालतं. सोबत लागणाऱ्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या पॅकेजेसचं एकमेकांशी जमत नाही तेव्हा वैताग येतो, पण कोंडा नावाच्या टूलमध्ये त्यांना वेगळा कप्पा करून दिला की सुटतं. माझं पहिलं मॉडेल एकही एरर न देता पूर्ण चाललं आणि जमीन मात्र ठणठणीत कोरडी! दोन दिवसांनी कळलं, मॉडेल सगळा भाग छोट्या चौकोनांत वाटतं आणि मास्क नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक चौकोनाला एक आकडा द्यायचा असतो: 0 म्हणजे तो चौकोन हिशोबात नाही, 1 म्हणजे आहे आणि 2 म्हणजे इथून समुद्राचं पाणी आत येणार, आणि मी 2 कुठेच दिला नव्हता, समुद्राला आत यायला वाटच नव्हती.

ही चूक निदान दिसली तरी. जमिनीच्या उंचीतली चूक दिसत नाही, आणि माझं म्हणणं तिच्याबद्दलच आहे. फुकटातला उंचीचा डेटा म्हणून खूप जण एसआरटीएम घेतात, तो फेब्रुवारी 2000 मध्ये स्पेस शटलवरच्या रडारने मोजलेला, साधारण 30 मीटरचे चौकोन. रडारला दाट झाडी आणि छपरं लागतात, तीच उंची जमिनीच्या नावावर चढते, त्यामुळे सखल किनारासुद्धा सुरक्षित दिसतो. 2019 मध्ये कल्प आणि स्ट्रॉस या संशोधकांनी ही चूक कमी करून मोजलं तर आजच्याच भरतीरेषेखाली राहणारे लोक जगभरात 2.8 कोटींऐवजी 11 कोटी निघाले. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2021 च्या अहवालात सगळ्यात जास्त उत्सर्जन धरूनही 2100 पर्यंतची समुद्रपातळीतली वाढ साधारण 0.63 ते 1.01 मीटर दिलीय, आणि झाडी-छपरांमुळे उंचीच्या डेटात येणारी चूक कित्येक ठिकाणी या वाढीपेक्षा मोठी असते. वर भरतीचे आकडे एका शून्यापासून आणि जमिनीची उंची दुसऱ्याच शून्यापासून मोजलेली असली तर विचारायलाच नको. चार मीटर रुंदीचा बंधारा तर 30 मीटरच्या चौकोनात हरवूनच जातो.

पुढे क्लायमाडासारख्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत बांधू की खारफुटी वाढवू, कशाने किती नुकसान वाचेल याची तुलना याच नकाशावर होते, त्यावरून पैसा कुठे जायचा ते ठरतं आणि कुणाची वस्ती हलवायची तेही.

म्हणून विनंती, असा नकाशा छापाल तेव्हा खाली दोन ओळी जरूर द्या: उंचीचा डेटा कुठला, शून्य कुठलं धरलं, बंधारे घेतलेत का. नकाशा देणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं, आणि त्याला सांगता आलं नाही तर कृपया तो छापू नका.

आपला,
एक नियमित वाचक