मावशी, तुमच्या खाड्याच्या वहीसाठी

मावशी, सप्रेम नमस्कार.

चाळीच्या मागच्या भिंतीवरचं चित्र पुरं झालं. येणारे-जाणारे रंगवणाऱ्या पोरांचं कौतुक करतात, ते करायलाच हवं. पण त्या भिंतीचा जीव तुमच्या घरातून आलाय. हे चारचौघांत सांगायचं म्हणून पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

मुंबईचं गिरणगाव म्हटलं की लोकांना चिमणी, भोंगा आणि संप आठवतो. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला, अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा तो संप कुणी विसरू नयेच. पण त्याआधीची शंभरेक वर्षं? कोकणातून, घाटावरून माणसं आली, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपली, महिन्याला गावी मनीऑर्डर करत राहिली. ती कुणाच्या हातचं जेवली, हे लालबाग-परळमध्ये वाढलेल्या मुलांनाही आज ठाऊक नाही.

तुम्ही ट्रंकेतून सासूबाईंच्या खानावळीची वही काढलीत. कडा हळदीने पिवळ्या झालेल्या. प्रत्येक पानावर नाव, गाव, गिरणीतलं खातं, पाळी आणि पुढे खाड्यांच्या, म्हणजे जेवायला न आलेल्या दिवसांच्या, फुल्या. साचेखात्यातला, म्हणजे मागावरचा, राजापूरचा, त्रासनमधला, म्हणजे सूतकताईतला, पाटणचा, रात्रपाळीला डबा नेणारा आजऱ्याचा. गणपतीच्या दिवसांत कोकणातल्यांच्या ओळी फुल्यांनी भरलेल्या, म्हणजे सगळे गावी गेलेले. एवढा इतिहास मला कुठल्या जाड ग्रंथातही सापडला नव्हता.

आम्ही नावं उतरवून घेऊ लागलो तेव्हा तुम्ही उधारीच्या रकान्यावर हात ठेवलात. म्हणालात, "माणसांची नावं नको. कुणाच्या नातवाने आजोबांची उधारी भिंतीवर का वाचावी? गावं लिहा." म्हणून भिंतीवर गावं आहेत: राजापूर, लांजा, संगमेश्वर, देवगड, पाटण, शिराळा, जुन्नर, आजरा, चंदगड. गणपतीच्या मखरांवर काम केलेल्या आपल्याच एका पोराने ती जुन्या दुकानांच्या पाट्यांसारखी टपोऱ्या अक्षरांत काढली. आता माणसं भिंतीपुढे उभी राहून आपला तालुका शोधतात. सापडला की लगेच फोन लावतात. हे तुमच्या त्या एका वाक्यामुळे झालं.

बायकांचंही तुम्हीच लावून धरलंत. वायंडिंग आणि रिलिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला, बायका होत्या, पुढे गिरण्यांतून त्यांची संख्या घटत गेली, हे तुम्ही पोरांना बसवून सांगितलंत. आणि खानावळवाल्या तर गिरणीच्या हजेरीपटावर कधी नव्हत्याच. पहाटे चूल पेटवायच्या, पगाराच्या दिवसापर्यंत उधारीवर जेवू घालायच्या. संपात पगार थांबले आणि ती उधारी थकली ती थकलीच. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ही गोष्ट तुमच्या तोंडून ऐकताना आमच्यातल्या मुली लिहायचं विसरून नुसत्या ऐकत होत्या. चित्रात मधोमध परातीत पीठ मळणारी बाई आहे, चिमणी तिच्या मागे. मला तरी हा क्रम अगदी योग्य वाटतो.

मावशी, तुम्ही दुपारच्या झोपेची पर्वा केली नाहीत, गुडघे दुखत असताना जिने उतरून रंग बघायला आलात, शिवाय रोज चहा. मनापासून आभार.

वहीचे फोटो काढून झालेत, ती रविवारी घरी आणून देतो. पावसाआधी भिंतीवर वॉर्निशचा हात मारायचाय. चंदगडच्या खाली जागा मोकळी ठेवली आहे. वहीतली उरलेली गावं तुम्ही वाचा, आम्ही लिहितो.

तुमचा,
तळमजल्यावरचा, आणि चाळीतली सगळी पोरं