दोन लाइनच्या कॉर्डलेस फोनचा पॉवर बॅकअप चालत नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लाइट जाताच दोन्ही लाइन बंद पडणे आणि दुसऱ्या लाइनवर येणाऱ्या फोनचा नंबर न दिसणे.

महोदय,

चोपडा येथे आमचा केळी खरेदीचा व्यवसाय आहे. खाली दुकान, वर घर. एक लाइन दुकानाची, एक घरची. दोन्ही नंबर जुने आहेत. तापीकाठच्या गावांतल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या वहीत आजही तेच लिहिलेले आहेत, म्हणून मोबाइल असूनही आम्ही ते बंद केले नाहीत. फोन आणि हिशेब मी पाहते. दोन फोनांसाठी वरखाली धावायला नको म्हणून आपल्या कंपनीचा दोन लाइनचा कॉर्डलेस, दोन हँडसेटसह, जळगावहून घेतला.

जे चांगले आहे ते आधी सांगते. दोन्ही लाइनची रिंग वेगवेगळी लावता येते, त्यामुळे फोन दुकानाचा की घरचा हे स्वयंपाकघरातूनही कळते. आमचे घर जुने, धाब्याचे, भिंती हातभर जाड. तरी वर धाब्यावर गेले तरी आवाज स्वच्छ येतो. आणि कॉन्फरन्सची सोय तर आमच्या कामाची फारच आहे. पहिल्या लाइनवर शेतकरी म्हणतो, उद्या सकाळी कटाई. दुसऱ्या लाइनवर ट्रकवाला विचारतो, गाडी कुठे लावू? एक बटण दाबले की तिघांचे एकत्र बोलणे होते, आणि बांधावर गाडी जाते की डांबरी रस्त्यावर थांबते ते तिथल्या तिथे ठरते. पूर्वी यासाठी दोघांना आलटून पालटून फोन लावत बसावे लागे.

आता मुख्य तक्रार. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले आहे की लाइट गेल्यावरही फोन चालतो. माहितीपत्रकात त्याची रीतही दिली आहे : एक चार्ज केलेला हँडसेट बेसवर ठेवायचा, त्याच्या बॅटरीवर बेस चालेल, आणि दुसऱ्या हँडसेटवरून बोलायचे. आम्ही दुसऱ्या हँडसेटचे पैसे मोजले ते याच एका कारणासाठी. प्रत्यक्षात लाइट गेली की बेसचा हिरवा दिवा एकदा लुकलुकतो आणि विझतो. हातातल्या हँडसेटवर बेस सापडत नसल्याची सूचना येते. चालू असलेले बोलणे तिथेच तुटते, दोन्ही लाइनचे.

हे आमच्यासाठी किरकोळ नाही. मे-जूनमध्ये आमच्या भागात वादळ सुटले की केळीची झाडे घडासकट मोडून पडतात. पडलेला माल उन्हात ठेवून चालत नाही. रात्रीतून मजूर आणि गाडी ठरवावी लागते. शेतकऱ्यांचे फोन एकामागून एक येतात ते त्याच तासात, आणि लाइटही नेमकी तेव्हाच जाते. मागच्या वादळात एक शेतकरी बाग किती पडली ते सांगत असतानाच फोन तुटला. मोबाइललाही तेव्हा रेंज नव्हती. त्याचा माल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बागेतच राहिला. भाव किती तुटला ते तो आम्हाला बोलला नाही. आमच्या भरवशावर थांबलेल्या माणसाचे नुकसान झाले, याचे मला फार वाईट वाटते.

आपले तंत्रज्ञ म्हणाले, कॉर्डलेस म्हटला की लाइट नसताना बंदच पडणार. साध्या कॉर्डलेसपुरते ते खरे आहे, पण मग खोक्यावरचे छापील आश्वासन कशासाठी? नंतर त्यांनी उन्हाने बॅटरी उतरली असेल असे सांगितले. मी दोन्ही हँडसेट पूर्ण चार्ज करून, आलटून पालटून बेसवर ठेवून पाहिले, परिणाम तोच. लाइनमध्ये दोष म्हणावा तर त्याच वेळी जुना वायरचा फोन लावला की डायल टोन मिळतो, कारण त्याला लागणारी वीज, साधारण 48 व्होल्ट, एक्स्चेंजमधून लाइनवरूनच येते. म्हणजे लाइन जिवंत असते, बंद पडतो तो आपला बेस.

दुसरी गोष्ट थोडक्यात. दुकानाच्या लाइनवर येणारा नंबर पडद्यावर दिसतो, घरच्या लाइनवर दिसत नाही. हा दोष टेलिफोनवाल्यांचा, असे आपल्या केंद्राने सांगितले. मी बेसमागच्या दोन्ही वायरींची अदलाबदल केली. घरच्या लाइनची वायर पहिल्या खाचेत लावताच तिचा नंबर दिसू लागला, आणि दुकानाचा दिसेनासा झाला. यावरून दोष दुसऱ्या खाचेचा किंवा तिच्या सेटिंगचा आहे हे उघड आहे. सेटिंगचा असेल तर ते कसे बदलायचे याचा माहितीपत्रकात एक शब्दही नाही. सासूबाई अनोळखी फोन उचलत नाहीत, त्यामुळे लेकीचा फोनही वाजून वाजून बंद होतो.

मशीन वॉरंटीत आहे. सेवा केंद्र म्हणते, स्वतः जळगावला आणून द्या आणि दुरुस्ती होईपर्यंत ठेवून जा. हंगामात दोन्ही लाइन अशा बंद ठेवणे आम्हाला शक्य नाही. त्यामुळे माझी मागणी अशी की, चोपड्यात येऊन तपासलेले, लाइट बंद करून दोन्ही लाइनवर बोलून दाखवलेले दुसरे मशीन द्यावे आणि ते बसल्यावरच हे परत न्यावे. या मॉडेलमध्ये बॅकअप मुळातच चालत नसेल, तर पूर्ण रक्कम परत करावी आणि खोक्यावरचा तो मजकूर काढावा, म्हणजे दुसरा कोणी त्यावर विसंबून घेणार नाही.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे.

आपली,
एक ग्राहक
चोपडा, जि. जळगाव

सोबत : बिलाची व वॉरंटी कार्डाची प्रत, खोक्यावरील मजकुराचा फोटो, सेवा केंद्राची पावती.