घड्याळ चोख आहे, पण पुढच्या तारेचं काय?

संपादक महोदय,

आपल्या दैनिकातला भारतीय प्रमाणवेळेवरचा लेख वाचला. 2025च्या जानेवारीत केंद्राने नियमांचा मसुदा लोकांपुढे ठेवला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची वेळ अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटीच्या केंद्रांतून देशभर पोचवायची आहे, हे सगळं त्यात नीट आलं आहे. मे 2023मध्ये गेलेल्या एनव्हीएस-01 या दिशादर्शक उपग्रहात आपल्या बनावटीचं रुबिडियम अणुघड्याळ होतं, तेही आहे. वाचून फार बरं वाटलं. पण लेख घड्याळापाशीच थांबतो. घड्याळातून निघालेला सिग्नल टेबलावरच्या यंत्रापर्यंत जाताना त्याचं काय होतं, याबद्दल कुणीच लिहीत नाही. भोसरी-चिंचवड भागात 27 वर्षं मी मोजमापाची यंत्रं तपासून, दुरुस्त करून दिली. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत 5 मेगाहर्ट्झचा जुना, पण अतिशय चांगला ओव्हनमधला क्वार्ट्झ ऑसिलेटर होता, म्हणजे एकाच तापमानाला ठेवलेल्या स्फटिकाच्या कंपनांवरून नेमका सिग्नल देणारं यंत्र. त्याच्या एकाच तारेवर टी-जोड लावत लावत चार यंत्रं जोडलेली होती. रोज दुपारी वारंवारता मोजणाऱ्या काउंटरवरचे शेवटचे दोन आकडे हलायचे. आधी एसीवर संशय, मग वीजपुरवठ्यावर, शेवटी ऑसिलेटरवर. तो दुरुस्तीला गेला आणि ‘दोष नाही’ अशा शेऱ्यासह परत आला. यात दोन आठवडे गेले. मग एका दुपारी मी जेवायला न जाता तिथेच बसून राहिले. शेजारच्या टेबलावरचा मुलगा सुट्टीत आपला सिग्नल जनरेटर बंद करून जायचा. यंत्र बंद झालं की त्याच्या आतला भार बदलायचा, आणि त्याच तारेवरच्या बाकी तिघांना तो धक्का बसायचा. खालच्या मजल्यावर नळ सोडला की वरची धार बारीक होते, तसंच.

यावर उपाय बफरचा, म्हणजे सिग्नल पुढे जाऊ देणाऱ्या, पण गडबड मागे येऊ न देणाऱ्या मधल्या सर्किटचा. प्रत्येक यंत्राला स्वतःचा वेगळा ट्रान्झिस्टर, वेगळा 50 ओहमचा मार्ग. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी बेस ग्राउंड करून सिग्नल एमिटर या पायातून आत घेतला की पुढची गडबड मागे शिरायला वाटच फारशी उरत नाही. शक्य असेल तिथे शेवटी छोटा ट्रान्सफॉर्मर घालावा, म्हणजे दोन यंत्रांच्या ग्राउंडमधून फिरणारा करंटही तुटतो. मी चार तोंडांची पेटी केली आणि एकेक केबल उपटून उरलेल्या तिघांचे आकडे पाहिले. शेवटचा आकडासुद्धा हलला नाही. त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो.

दुसरी गोष्ट डबलरची, म्हणजे वारंवारता दुप्पट करणाऱ्या सर्किटची. उत्तम क्वार्ट्झ पुष्कळदा 5 मेगाहर्ट्झचे असतात. स्फटिकाची चकती जितकी जाड तितकी तिची वारंवारता कमी आणि एकदा सुरू झालेलं कंपन जास्त वेळ टिकतं. आजची यंत्रं मात्र रेफरन्स म्हणून, म्हणजे ज्याच्या आधाराने मोजायचं तो मूळ सिग्नल म्हणून, 10 मेगाहर्ट्झ मागतात. तेव्हा दुप्पट करणं आलं. दुप्पट करताना फेज नॉइज (लाटांचं बारीक मागेपुढे होणं) 6 डेसिबलने वाढतो. तो गणिताचा हिशेब आहे, त्यातून सुटका नाही. त्याच्या वर जे काही वाढेल त्याला मात्र सर्किट करणाराच जबाबदार.

डबलरची सगळ्यात साधी रीत म्हणजे मध्ये टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर आणि दोन डायोड. खालची अर्धी लाट उलटून वर येते, की एका फेरीत दोन टेकड्या झाल्या. मी पहिला डबलर असाच केला आणि स्कोपवर पाहिलं तर एक टेकडी उंच, दुसरी ठेंगणी, पुन्हा उंच, पुन्हा ठेंगणी. म्हणजे मूळचा 5 मेगाहर्ट्झ आत शिल्लक होता. एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं तेव्हा मला पुष्कळांनी विचारलं. बिघडतं, कारण यंत्र आत त्याच 10 मेगाहर्ट्झवरून 1 गिगाहर्ट्झ तयार करतं. शंभरपटीने वर जाताना त्या उरलेल्या सिग्नलचे डाग 40 डेसिबलने मोठे होऊ शकतात, आणि मग ते तपासायला आलेल्या मालाचे आहेत की आपल्याच रेफरन्सचे, हे सांगता येत नाही.

दोष डायोडच्या जोडीत होता, दोन्ही डायोड सारखे नव्हते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून एकाच जातीचे 20 शॉटकी डायोड आणले आणि मल्टिमीटरवर एकेकाचा व्होल्टेज ड्रॉप लिहायला बसले. आकडे जुळेनात. तोच डायोड दुसऱ्यांदा लावला की वेगळा आकडा! कारण माझ्या बोटात होतं. बोटाच्या उबेने डायोड तापतो आणि एकेका अंशाला ड्रॉप एक-दोन मिलिव्होल्टने उतरतो. मग प्रत्येक डायोड चिमट्याने धरला, लावल्यावर मिनिटभर हात लांब ठेवला आणि तेव्हाच आकडा लिहिला. 20मधून 3 चांगल्या जोड्या निघाल्या. ट्रान्सफॉर्मरसाठी एनॅमलच्या तीन तारा एकत्र पिळून फेराइटच्या रिंगवर गुंडाळल्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झाल्या. टेकड्या समान दिसू लागल्या.

डबलरपुढच्या, हवी तेवढीच वारंवारता निवडणाऱ्या ट्यून्ड सर्किटबद्दलही सांगायला हवं. सिग्नल स्वच्छ हवा म्हणून ते फार टोकदार करण्याचा मोह होतो. क्यू (या टोकदारपणाचं माप) 50 ठेवला आणि कपॅसिटर अंशाला 100 पीपीएमने (दशलक्षात 100 भागांनी) सरकणारा असला, तर तापमानाच्या एका अंशामागे सिग्नल सुमारे 80 पिकोसेकंदांनी (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) पुढेमागे होतो. पंखा लावला की वेळ सरकली! टोक बोथट ठेवावं, कपॅसिटर तापमानाने जवळजवळ न बदलणाऱ्या एनपीओ जातीचे घ्यावेत आणि पेटी बंद ठेवावी.

हे आता का लिहिते? निवृत्तीनंतर मी आठवड्यातून दोन दिवस एका तंत्रनिकेतनात शिकवायला जाते. तिथे महागाचा काउंटर आहे, त्याच्या मागे ‘एक्स्टर्नल रेफरन्स’चं भोक आहे, पण त्यात कधी काही खोचलेलंच नव्हतं. टेबलावरची पाच यंत्रं पाच वेगळ्या क्वार्ट्झवर चालतात आणि मुलं आकड्यांतल्या फरकाला ‘प्रयोगातली चूक’ म्हणून वहीत लिहून टाकतात. तंत्रशिक्षणाची धोरणं ठरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत एक चांगला रेफरन्स असावा आणि त्याचा डबलर-बफर मुलांनी स्वतःच्या हाताने सोल्डर करावा. पैशाचा प्रश्न इथे फारसा नाही, लागते ती चिकाटी.

28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडे मुलांना जरूर न्यावं. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश सुमारे 25 किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत, आणि त्या सगळ्यांचे सिग्नल एकत्र जुळवायचे तर प्रत्येकीला एकच रेफरन्स लागतो. तो ऑप्टिकल फायबरने जातो. गेल्या खेपेला आमच्यातल्या एका मुलीने तिथे विचारलं, “मग एक डिश बंद केली तर बाकीच्यांना धक्का बसत नाही का?” तिने त्याच महिन्यात बफर केला होता.

निवडलेल्या डायोडच्या 6 जोड्या माझ्याकडे आज तयार आहेत. पुणे जिल्ह्यातल्या ज्या तंत्रनिकेतनाला हव्या असतील त्यांनी आपल्या दैनिकाच्या कार्यालयाकडून माझा पत्ता घ्यावा. ड्रॉपचे आकडे लिहून पोस्टाने पाठवीन.

आपली,
एक निवृत्त कॅलिब्रेशन तंत्रज्ञ, चिंचवड