हरणाऱ्यालाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या खेळावर सर्वांत जास्त वर्चस्व गाजवणारा व्यावसायिक खेळाडू कोण, याबद्दल आपण रविवारच्या पुरवणीत वाचकांची मतं मागवलीत आणि सोबत दहा नावांची यादी दिलीत. तेव्हापासून छापून आलेलं एकेक पत्र मी वाचते आहे. कुणी विजेतेपदं मोजली, कुणी शतकं, कुणी पदकं. मी अकरा वर्षं स्पर्धात्मक टेबल टेनिस खेळले आणि त्यात एकाच मुलीकडून सतरा वेळा हरले. तिला एकदाही हरवू शकले नाही. त्यामुळे वर्चस्व म्हणजे काय, हे मला टेबलाच्या या बाजूने ठाऊक आहे आणि या बाजूने लिहिलेलं पत्र अजून आपल्याकडे आलेलं दिसत नाही.

एकच प्रसंग सांगते. तेव्हा गेम एकवीस गुणांचा असे आणि सर्व्हिस पाच-पाच मिळत. अंतिम सामना, पाचवा गेम, 19-19. तिच्या दोन सर्व्हिस शिल्लक होत्या. तिने नेहमीसारखा जाळीच्या खांबाजवळ टेबलावर तळहात पुसला, चेंडू तीनदा टप टप आपटला. सर्व्हिस लांब येणार, माझ्या बॅकहँडच्या कोपऱ्यात येणार, हे मला लख्ख माहीत होतं. आली तशीच. आणि तरी मला उशीर झाला. पुढची सर्व्हिस आखूड होती, ती मी जाळीत मारली. समोरचा काय करणार हे कळत असतं, त्यावरचा उपाय सहा महिने घोटलेला असतो आणि ऐन वेळी हात अर्धा क्षण मागे राहतो, त्याला मी वर्चस्व म्हणते. गुणफलकावर हे दिसत नाही. तिथे फक्त 21-19 दिसतं आणि बघणारे म्हणतात, ‘थोडक्यात गेलं.’

म्हणून माझी कसोटी अशी की, त्या खेळाडूपुढे उभं राहणाऱ्यांचं काय झालं ते बघावं. त्यांना कधी उत्तर सापडलं का?

या कसोटीवर सर डोनाल्ड ब्रॅडमन यांचं काय होतं ते आधी बघू, कारण निम्मी पत्रं त्यांच्याच बाजूची आहेत. 52 कसोटी, 80 डाव, 6996 धावा, सरासरी 99.94. पुरेसे डाव खेळलेल्या ज्या फलंदाजांची कारकीर्द पूर्ण झाली आहे, त्यांत पुढची नावं एकसष्टच्या आत-बाहेर आहेत. ग्रॅमी पोलॉक 60.97, जॉर्ज हेडली 60.83. पहिल्या आणि दुसऱ्यात एवढं अंतर मला दुसऱ्या कुठल्याही मोठ्या खेळात दिसत नाही. पण 1932-33 मध्ये इंग्लंडने त्यांच्यासाठी अंगावर मारा करण्याची ‘बॉडीलाइन’ पद्धत काढली, त्या मालिकेत त्यांची सरासरी 56.57 वर आली आणि ऑस्ट्रेलिया मालिका हरली. उत्तर कुरूप होतं, पण ते उत्तर होतं. शिवाय ब्रॅडमन पोटासाठी शेअर दलालीच्या कचेरीत काम करत. आपण व्यावसायिक खेळाडू विचारलात म्हणून हे लिहिलं, त्यांचं मोठेपण कमी करायला नव्हे.

वेन ग्रेट्झकी यांच्याबद्दल एका वाचकाने लिहिलेलं मला फार आवडलं. आइस हॉकीतले त्यांचे सगळे, म्हणजे 894, गोल पुसून टाकले तरी नुसत्या 1963 असिस्टमुळे, म्हणजे गोल करणाऱ्याला दिलेल्या पासांमुळे, ते एकूण गुणांच्या (गोल अधिक असिस्ट) यादीत सर्वांत वर राहतात. आकडा थक्क करणारा आहे, पण असिस्ट मोजला जायला दुसऱ्या कुणीतरी गोल करावा लागतो. मला एकाच्या समोर एक अशी लढत हवी. पोल व्हॉल्टमध्ये आर्मंड डुप्लांटिस याने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 6.25 मीटर उडी मारली आणि रौप्यपदक 5.95 वर मिळालं. पण तिथे प्रतिस्पर्धी एकमेकांचा चेंडू परतवत नाहीत, एकमेकांची चाल मोडत नाहीत. टेनिसमध्ये राफेल नदाल यांचे रोलाँ गॅरोवर, म्हणजे फ्रेंच ओपनमध्ये, 112 विजय आणि फक्त 4 पराभव, पण ते एका प्रकारच्या कोर्टवरचे. आमच्या खेळातल्या देंग यापिंगचं नाव घ्यायचा मोह मला होतोच. जेमतेम दीड मीटर उंचीची ही मुलगी 1992 आणि 1996 च्या ऑलिंपिकमध्ये एकेरी आणि दुहेरीची मिळून चार सुवर्णपदकं घेऊन गेली. पण तीही अधूनमधून हरायची, आणि हरवणाऱ्या मुलींना मार्ग दिसलेला असायचा.

जहांगीर खान यांची गोष्ट माझ्या कसोटीच्या फार जवळ जाते. स्क्वॉशमध्ये 1981 ते 1986 अशी पाच वर्षांहून जास्त काळ ते अजिंक्य होते. 555 सामन्यांची मालिका म्हणून ती प्रसिद्ध आहे. पण मी ती गोष्ट सांगते तेव्हा रॉस नॉर्मन यांच्यापासून सुरू करते. पॅराशूट उडीत गुडघा निकामी झाला होता, त्यातून सावरून हा माणूस परत कोर्टवर आला, जहांगीरकडून पुन्हा पुन्हा हरला आणि नोव्हेंबर 1986 मध्ये तुलूझला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत जिंकला. माझ्यासारखीला तो सामना काय वाटत असेल, याची कल्पना करा.

आता माझं मत. हेदर मॅके. आपल्या यादीत हे नाव नाही. त्या यादीत एकही बाई नाही.

ऑस्ट्रेलियाच्या या बाईंनी स्क्वॉशला सुरुवात केली ती हॉकीसाठी दमसास वाढावा म्हणून. अख्ख्या कारकिर्दीत त्या दोन सामने हरल्या. एक 1960 मध्ये. दुसरा 1962 च्या स्कॉटिश स्पर्धेच्या अंतिम फेरीत, फ्रॅन मार्शल यांच्याकडून. त्याच वर्षी ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीत त्यांनी त्याच फ्रॅन मार्शलना हरवलं आणि तिथून 1977 पर्यंत ती स्पर्धा सलग सोळा वर्षं जिंकली. मधल्या काळात कॅनडात व्यावसायिक प्रशिक्षक म्हणून काम केलं. 1976 मध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली ती त्यांनीच जिंकली, 1979 ची दुसरीही. 1981 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिसरा पराभव झालाच नाही.

व्हीलचेअर टेनिसमधल्या एस्थर व्हर्गीर यांनाही मी याच्या अगदी शेजारी बसवते. जानेवारी 2003 मध्ये डॅनिएला डि टोरोकडून हरल्यानंतर 2013 ला निवृत्तीची घोषणा करेपर्यंत एकेरीत सलग 470 विजय. दोघींतून एकच निवडा म्हणालात तर मॅके, कारण त्यांचा काळ आणखी मोठा आहे. पण हे लिहिताना हात अडखळतो, हे खरं.

मॅके यांनी 1968 च्या ब्रिटिश ओपनची अंतिम फेरी 9-0, 9-0, 9-0 अशी जिंकली. हा गुणफलक नीट वाचायला हवा. त्या काळी स्क्वॉशमध्ये सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत असे. समोरची रॅली जिंकली तर तिला नुसती सर्व्हिस मिळायची, गुण मिळवायला लगेच पुढची रॅलीही जिंकावी लागायची. म्हणजे शून्याचा अर्थ समोरचीने एकही रॅली जिंकली नाही असा होत नाही. ती जिंकली असेल, सर्व्हिस हातात घेऊन बॉक्समध्ये उभी राहिली असेल, आणि त्यानंतरची रॅली दरवेळी गेली असेल. तिन्ही गेममध्ये सर्व्हिस हातात असताना एकही रॅली नाही. अंतिम फेरीपर्यंत पोचलेल्या खेळाडूच्या बाबतीत हे घडलं.

मॅके यांचं नाव घेतलं की एक उत्तर ठरलेलं असतं. ‘त्या काळी बायकांत स्पर्धाच कुठे होती?’ व्हर्गीरबद्दलही हेच म्हणतात. आपल्याकडे छापून आलेल्या एका पत्रातही, नाव न घेता, हाच सूर होता. संपादक महाशय, हे वाक्य मला लागतं. ‘स्पर्धा कमकुवत होती’ असं कुणी म्हणतं तेव्हा ते विजेतीबद्दल बोलत नसतं, माझ्यासारख्यांबद्दल बोलत असतं. आम्ही पहाटे पाचला उठून दोन-दोन तास एकाच कोपऱ्यात मल्टीबॉल, म्हणजे एकामागून एक येणारे चेंडू, मारले. तिच्या सर्व्हिस वहीत लिहून काढल्या. रबर बदललं, उभं राहण्याची जागा बदलली. बाकी सगळ्यांना आम्ही हरवत होतो, म्हणून तर दरवेळी तिच्यासमोर येत होतो. विजेती फार पुढे असली की मागचे सगळे लहान दिसतात. आणि मग मागचे लहान आहेत असं म्हणून तिचंच श्रेय कापलं जातं. ब्रॅडमन यांच्या बाबतीत असं कुणी म्हणत नाही. तिथे दुसऱ्याची सरासरी साठ आहे म्हणून ब्रॅडमन थोर ठरतात, आणि ते बरोबरच आहे. मग हेच माप मॅके यांना का नाही?

कोरी होमान यांचं उदाहरण घ्या. 2008 च्या बीजिंग पॅरालिंपिकच्या अंतिम फेरीत त्यांनी व्हर्गीरना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत खेचलं. टायब्रेक 7-5 असा गेला. त्या सुवर्णपदकापासून दोन-चार चेंडू दूर होत्या. या खेळाडूला कमकुवत म्हणायचं?

माझी एक विनंती आहे. या चर्चेचा शेवट म्हणून आपण ज्या कुणाचं नाव छापाल, त्याच्या शेजारी त्याच्याकडून सर्वांत जास्त वेळा हरलेल्या खेळाडूचं नावही छापा, त्याच आकाराच्या अक्षरात. आणि हेदर मॅके यांचं नाव यादीत घालणार असाल, तर 1968 च्या त्या अंतिम फेरीत त्यांच्यासमोर बेव्ह जॉन्सन होत्या.

आपली,
एक माजी टेबल टेनिस खेळाडू