दोष तारांच्या पट्टीचा

संपादक महोदय,

मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या २००३ च्या ‘सेंट अँगर’ या अल्बमवरून चाहत्यांत अजूनही दोन तट आहेत. ‘ड्रम नव्हे, पत्र्याचा डबा वाजतो’ ही तक्रार खरी, पण कारण क्वचितच सांगितलं जातं. स्नेअर ड्रमच्या, म्हणजे ड्रमसेटमधल्या ‘चर्र’ वाजणाऱ्या छोट्या ड्रमच्या, खालच्या पडद्याला तारांची पट्टी टेकलेली असते. कडेची खिट्टी सोडली की ती सुटते. बँडचे ड्रमर लार्स उलरिच यांनी ती सोडलेलीच ठेवली. मग तुटक ‘चर्र’ जातो, घणघणाट उरतो. संथ ठेक्यात तो शोभेलही. डबल बासच्या, म्हणजे दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवण्याच्या, वेगात मात्र आधीचा नाद विरायच्या आत पुढचा ठोका पडतो आणि गिटार झाकली जाते. त्यात बहुतेक गिटारी ड्रॉप सीमध्ये लावलेल्या, म्हणजे सर्वांत जाड तार नेहमीच्या ई स्वरापासून चार अर्धस्वर खाली, सी स्वरावर. ढिली तार गढूळ वाजते. एकट्या गिटारचा तुकडा (सोलो) एकही नाही, लांबी सव्वा तास. हे आक्षेप रास्त. तरीही बँडने जुनंच उगाळायला हवं होतं, हे पटत नाही.

शंका असेल त्यांनी कोणत्याही स्नेअरची खिट्टी सोडून वाजवावा. नाद फार रेंगाळला तर वरच्या पडद्याच्या कडेला दोन इंच कापडी टेप चिकटवावी.

– एक ड्रमवादक, पुणे