चौथ्या पानावरची एक ओळ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बायपासनंतर काय खावं, किती चालावं, हे वृत्तपत्रांत नेहमी वाचायला मिळतं. ऑपरेशननंतर बिघडणाऱ्या ठोक्यांबद्दल मात्र फारसं कुठे येत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांची बायपास दिल्लीत झाली. तिसऱ्या रात्री मॉनिटरवरचा आकडा ९० वरून १४८, मग ११०, लगेच १५२, असा वरखाली होऊ लागला. नर्स म्हणाली, "माताजी, होता है, ठीक हो जाएगा." शिरेतून औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठोके ताळ्यावर आले. ग्वाल्हेरला परतलो, टाके वाळले आणि ती रात्र आम्ही विसरूनही गेलो.

ज्येष्ठातल्या एका दुपारी जेवताना ह्यांच्या हातातला घास ताटात पडला. "काय झालं हो?" म्हणून विचारलं तर जीभ जड झालेली, एक शब्द कळेना. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तरी मी रिक्षा बोलावली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि विचारलं, "ऑपरेशननंतर ठोके बिघडले होते का?" फाईल उघडली. चौथ्या पानावर, औषधांच्या यादीच्या वर, इंग्रजीत एकच ओळ होती: तिसऱ्या दिवशी एट्रियल फिब्रिलेशन, नंतर लय पूर्ववत. पुन्हा ईसीजी कधी काढायचा, याबद्दल अक्षर नाही. ॲस्पिरिन चालू होती, पण ठोके असे बिघडल्याने रक्ताची जी गुठळी होते तिला ती पुरत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

या विकारात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते, तिच्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती सुटली की मेंदूकडे जाऊ शकते. बायपासनंतर साधारण तीन-चार रुग्णांत एकाला हा त्रास होतो, झडपेच्या ऑपरेशननंतर त्याहून जास्त. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. काही आठवड्यांत बहुतेकांची लय सुधारते, म्हणून पूर्वी याला तात्पुरती गोष्ट मानत. पण वर्षानुवर्षं रुग्णांचा मागोवा घेतल्यावर दिसलं की अशांना पुढे हाच त्रास पुन्हा होण्याचं, पक्षाघाताचं आणि मृत्यूचंही प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. त्याला हे ठोकेच कारण, की मुळातलं दुखणं, यावर डॉक्टरांत अजून चर्चा आहे. मला मात्र एवढंच कळतं की लक्ष ठेवायला हवं होतं आणि ते ठेवा, असं आम्हाला कोणी सांगितलं नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, त्या सरसकट देता येत नाहीत, हे मान्य. कोणी आपल्या मनाने सुरूही करू नयेत. पण अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की रक्तस्रावाचा धोका नसेल तर ऑपरेशननंतर ६० दिवस ही औषधं देणं योग्य, आणि त्यानंतर पुढे लागतील का, ते पुन्हा बघावं. आमच्या बाबतीत हे 'पुन्हा बघणं'च राहून गेलं.

रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे: ठोके बिघडले होते, कोणती गोळी कधीपर्यंत घ्यायची, पुढचा ईसीजी कोणत्या तारखेला, हे डिस्चार्जच्या पहिल्याच पानावर, हिंदीत, ठळक लिहा. ऑपरेशन दिल्लीत आणि पुढची देखभाल ग्वाल्हेरात, अशी आमच्यासारखी कितीतरी घरं आहेत. गावातल्या डॉक्टरांच्या हाती तेवढाच कागद असतो. गणेशोत्सवात इथली मराठी मंडळं आरोग्य शिबिरं घेतील तेव्हा बीपी आणि साखरेबरोबर नाडीही बघावी, साठीपुढच्यांची तर नक्कीच.

ह्यांची गोळी आता चालू आहे, बोलणं स्वच्छ आहे. रोज सकाळी चहाआधी मी त्यांच्या मनगटावर, अंगठ्याखाली, दोन बोटं ठेवते आणि पूर्ण मिनिट मोजते. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नये. ठोके अनियमित असतील तर तो हिशेब चुकतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर